मेलबर्न गाजविणारे गोमंतकीय : नेव्हिल डिसूझा

बारामती - नीरेच्या काठचे बारामती आणि इंदापूर हे तालुके कुस्ती आणि कबड्डीचे. तरीही विश्वकरंडक फुटबॉलच्या काळात येथील तरुणाई रात्र जागून काढते. इटलीचा निवृत्त मध्यरक्षक आंद्रेआ पिर्लो याची कारकीर्द अनेकांना ठाऊक असते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे पहिले आशियाई खेळाडू मात्र आपल्याच शेजारच्या गोव्याचे होते, हे फारच थोड्यांना माहीत आहे. त्यांचे नाव नेव्हिल डिसूझा.

डिसूझा यांचा जन्म 1932 मध्ये बार्देस तालुक्‍यातील आसगाव येथे झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. फुटबॉलची कारकीर्द मात्र बहरली ती मुंबईत. टाटा स्पोर्ट्स क्‍लब आणि कॅलटेक्‍स या संघांकडून ते सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळले. त्यांचे बंधू डेरेक हेही आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू होते.

1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव यांनी कुस्तीत ब्रॉंझपदक जिंकून महाराष्ट्राची मान उंचावली. त्याच स्पर्धेत भारतीय फुटबॉल संघाला युगोस्लाव्हियाने 10-1 असे लोळविले होते. आपले अनेक खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत. या मानहानीनंतर प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी घडविलेला संघ 1956 मध्ये मेलबर्नला गेला. त्या संघात डिसूझा होते.

हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली. एक डिसेंबर 1956 रोजी उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. डिसूझा यांनी पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धाच्या प्रारंभी तिसरा गोल केला. चौथा गोल किट्टू यांचा. भारताने हा सामना 4-2 असा जिंकला आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत धडक मारणारा पहिला आशियाई संघ होण्याचा मान मिळविला.

उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हियाच होता. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा राहिला. त्यानंतर डिसूझा यांनीच भारताला आघाडी मिळवून दिली. चार वर्षांपूर्वीच्या पराभवाची परतफेड दृष्टिपथात आली होती. परंतु युगोस्लाव्हियाने चार गोल करून सामना फिरविला. ब्रॉंझपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला 3-0 असे हरविले. डिसूझा मात्र चार गोलांसह स्पर्धेतील संयुक्त सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले.

ज्यांचे जन्मगाव अद्याप परकी सत्तेखाली होते, त्या खेळाडूने भारताचा ध्वज जगापुढे उंचावला, हे या पराक्रमाचे वेगळेपण. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर 1961 मध्ये. अर्जुन पुरस्कारही त्याच वर्षी सुरू झाला. मेलबर्नमधील त्यांचे सहकारी पी. के. बॅनर्जी यांना पहिल्याच वर्षी तो लाभला. डिसूझा यांचे नाव त्या यादीत कधीच आले नाही. 1980 मध्ये, वयाच्या अवघ्या 47 व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मेलबर्नमधील चौथा क्रमांक ही ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे. 1960 नंतर भारतीय पुरुष संघ या स्पर्धेत खेळू शकलेला नाही. खाशाबांचे नाव जसे आखाड्याआखाड्यांत आदराने घेतले जाते, तसे डिसूझा यांचे नाव मैदानामैदानांवर पोचणे हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.