थोर खगोलशास्त्रज्ञ एडवर्ड बर्नार्ड

आकाशात असंख्य तारे आहेत. ते एकाच जागी खिळल्यासारखे वाटतात. आजोबांच्या लहानपणी सप्तर्षी जसे दिसत, तसेच ते आजही दिसतात. पण एक छोटा तारा मात्र भराभर सरकतो. हे ज्यांनी शोधून काढले त्या एडवर्ड बर्नार्ड यांची माहिती मी लिहीत आहे.

एडवर्ड बर्नार्ड यांचा जन्म १६ डिसेंबर १८५७ रोजी अमेरिकेतील नॅशव्हिल या शहरी झाला. त्यांच्या जन्माआधीच वडील वारले होते. घरात अठराविश्वे दारिद्र्य. त्यातच देशात यादवी युद्ध पेटले. खायचे फार हाल झाले. एडवर्डला शाळा मिळाली ती जेमतेम दोन महिने! लिहायला-वाचायला त्याला आईनेच शिकवले.

आम्ही ज्या वयात तिसरी-चौथीत बसतो, त्या वयात एडवर्ड एका फोटोच्या दुकानात कामाला लागला. तेव्हा विजेचे दिवे नव्हते. फोटो मोठा करायला ऊन लागायचे. म्हणून दुकानाच्या छपरावर एक भला मोठा कॅमेरा बसवला होता. त्याचे नाव ज्युपिटर, म्हणजे गुरू. सूर्य सरकेल तसा कॅमेरा सूर्याकडे फिरवत राहायचे, हे एडवर्डचे काम. दुसरी मुलं तिथे उन्हात पेंगायची. एडवर्ड पेंगला नाही. दिवसभर तो सूर्यावर नजर ठेवायचा आणि रात्री घरी जाताना तारे बघायचा. पण त्याला एकाही ताऱ्याचे नाव माहीत नव्हते.

पुढे एका ओळखीच्या माणसाने त्याच्याकडून दोन डॉलर उसने घेतले आणि तारण म्हणून एक पुस्तक ठेवले. पैसे काही परत आले नाहीत. पण त्या पुस्तकात ताऱ्यांचा नकाशा होता! लहानपणापासून ओळखीचे असलेल्या ताऱ्यांची नावे एडवर्डला तेव्हा कळली. मग त्याने पैसे साठवून दुर्बीण घेतली. तिला ३८० डॉलर पडले. वर्षाच्या पगारातले तीन वाट्यांपैकी दोन वाटे त्यातच गेले.

१८७७ साली सायमन न्यूकम नावाचे मोठे खगोलशास्त्रज्ञ नॅशव्हिलला आले होते. एडवर्ड त्यांना जाऊन भेटला. गणित आल्याशिवाय या विद्येत पुढे जाता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. एडवर्डला फार वाईट वाटले. तो बाजूला जाऊन रडला. पण त्याने नाद सोडला नाही. दिवसा नोकरी, रात्री दुर्बीण आणि जोडीला गणिताची शिकवणी, असा त्याने क्रम ठेवला.

त्या वेळी एक श्रीमंत औषधविक्रेता नवा धूमकेतू शोधणाऱ्याला २०० डॉलर बक्षीस द्यायचा. बर्नार्ड यांनी एकामागून एक धूमकेतू शोधले. कर्ज काढून घर बांधले होते. त्याचे हप्ते त्यांनी बक्षिसांतून फेडले. म्हणून लोक त्या घराला धूमकेतूचे घर म्हणू लागले. पुढे १८८३ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतले. दोन महिने शाळा शिकलेला माणूस पंचविसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी झाला!

१८८८ साली ते कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत गेले. गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र शोधले होते. त्यानंतर २८२ वर्षे पाचवा कोणाला सापडला नव्हता. तो बर्नार्ड यांनी ९ सप्टेंबर १८९२ रोजी शोधला. लहानपणी ज्युपिटर नावाचा कॅमेरा फिरवणाऱ्या मुलाने मोठेपणी गुरूचाच चंद्र शोधला, याचे मला फार नवल वाटले.

१८९५ साली ते यर्कीज वेधशाळेत आले. १९१६ साली त्यांनी आकाशाच्या एका भागाचा नवा फोटो आपल्याच १८९४ च्या फोटोशी ताडून पाहिला. बाकीचे तारे जागच्या जागी होते, पण एक अंधुक तारा चांगलाच सरकला होता. त्यालाच बर्नार्डचा तारा म्हणतात. आपल्या चंद्राच्या रुंदीएवढे अंतर सरकायला त्याला सुमारे १७५ वर्षे लागतात. हे आपल्याला हळू वाटते. पण आकाशात इतका भरभर सरकणारा दुसरा तारा सापडलेला नाही.

हा लाल बटू तारा आहे. म्हणजे सूर्यापेक्षा लहान, थंड आणि तांबूस. त्याची रुंदी सूर्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी आहे. तो जवळ असूनही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही बरं का!

तो जवळ आहे हे कसे कळले? अंगठा डोळ्यांसमोर धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा वाटतो. अंगठा जितका जवळ, तितका जास्त सरकतो. ताऱ्यांचेही तसेच आहे. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या पलीकडच्या बाजूला जाते. दोन्ही जागांमध्ये सुमारे ३० कोटी किलोमीटर अंतर असते. तिथून बघितले की जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांपुढे किंचित हललेला दिसतो. बर्नार्डचा तारा तर स्वतःही धावतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याची धाव वेगळी काढतात आणि हे डुलणे तेवढे मोजतात. एका अंशाचे ३६०० भाग केले, तर त्यातल्या एका भागाहून थोडेसेच जास्त ते भरते! त्यावरून हिशेब करून अंतर काढतात. ते आहे ५६ लाख कोटी किलोमीटर. तिथला प्रकाश इथे यायला सुमारे सहा वर्षे लागतात. म्हणजे आज निघालेला प्रकाश पोचेल, तेव्हा आम्ही दहावीत असू. या ताऱ्याभोवती चार छोटे ग्रह फिरतात, हे २०२४ आणि २०२५ साली कळले.

बर्नार्ड ६ फेब्रुवारी १९२३ रोजी वारले. त्यांनी काढलेल्या आकाशगंगेच्या फोटोंचे पुस्तक १९२७ साली निघाले.

मित्रांनो, बर्नार्ड यांना शाळा मिळाली नाही, म्हणून त्यांना रडावे लागले. आपल्याला शाळा मिळाली आहे. सुगीत कामासाठी शाळा बुडालीच तर वही घेऊन पुन्हा वर्गात यावे. आणि पालकांनो, अशी मुलं परत आली की त्यांना उशीर झाला असे म्हणू नये. पंचविसाव्या वर्षी शिकायला बसलेल्या माणसाचे नाव आज एका ताऱ्याला आहे.