घरात समुद्र आणणारे फिलिप हेन्री गॉस

मागच्या महिन्यात एका पालकांनी विचारलं, "सर, समुद्रातले मासे घरच्या टाकीत मिठाच्या पाण्यात का टिकत नाहीत? मीठ तर तेच ना?" प्रश्न साधा, पण उत्तरासाठी मला १८५४ सालच्या लंडनमध्ये जावं लागलं. आठवीला द्रावणं शिकवताना हा धडा जोडून घेता येईल, म्हणून इथे लिहितोय.

फिलिप हेन्री गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधल्या वूस्टरचा. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रं काढायचे. घरात पैसा बेताचाच. बालपण पूल या बंदराच्या गावी गेलं. सतराव्या वर्षी मुलगा कारकून म्हणून न्यूफाउंडलंडला गेला. तिथे १८३२ मध्ये त्याने सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक विकत घेतलं आणि किड्यांचा नाद लागला तो कायमचा. पुढे कॅनडात शेती केली, ती बुडाली. अलाबामात मास्तरकी केली, ती फार दिवस नाही. (आपल्या पेशातला माणूस, म्हणून जरा जवळचा वाटतो.) नंतर जमैकात जाऊन पक्ष्यांचा अभ्यास केला. १८४८ मध्ये एमिली बोव्स यांच्याशी लग्न झालं आणि पुढच्या वर्षी मुलगा एडमंड जन्मला.

१८५२ मध्ये अतिश्रमाने प्रकृती ढासळली, म्हणून कुटुंब डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेलं. ओहोटीला खडकांमधल्या डबक्यांत समुद्रफुलं, खेकडे, रंगीत शैवाल बघून गॉस अक्षरशः वेडे झाले. हे सगळं घरी न्यावं कसं? लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्येच मांडलं होतं की वनस्पती आणि प्राणी एकत्र ठेवले तर पाणी शुद्ध राहतं. ॲना थिन या बाईंनी त्याही आधी, १८४६ मध्ये, टॉर्कीहून लंडनला प्रवाळ नेऊन जगवले होते. हवा मिसळावी म्हणून पाणी पुन्हा पुन्हा ओतून खालीवर करावं लागे. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं, त्यातही गॉस यांचा हात होता.

खरी अडचण पाण्याची होती. लंडन समुद्रापासून लांब. समुद्राचं पाणी पिंपातून आणायचं म्हणजे खर्च, आणि वाटेत ते नासायचं. तेव्हा गॉस यांनी ठरवलं, पाणी आपणच बनवू. ब्रायटनजवळच्या समुद्राच्या पाण्याचं श्वाइट्झर यांनी केलेलं पृथक्करण त्यांनी समोर ठेवलं. एप्रिल १८५४ मध्ये त्यांनी जे घेतलं ते आजच्या मापात असं : खायचं मीठ सुमारे ९९ ग्रॅम, एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट ७ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड १३ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड अडीच ग्रॅमच्या आसपास. पाणी साडेचार लिटरहून थोडं कमी. पाणी मोजून थांबले नाहीत. १०२६ या घनतेसाठी बनवलेला काचेचा पोकळ मणी त्यात जेमतेम बुडेल इतपत क्षारता त्यांनी राखली. मग आधी शैवाल सोडलं, आठवडाभराने प्राणी. आणि ते जगले!

कॅल्शियम कुठे गेलं, असं एखादा हुशार विद्यार्थी विचारेलच. गॉस यांनी कॅल्शियम सल्फेट मुद्दाम गाळलं, कारण ते विरघळता विरघळत नाही आणि त्याचं प्रमाणही कमी. मला वाटतं, लंडनचं जड पाणी त्यांच्या मदतीला आलं. त्यात चुना मुळातच असतो. मऊ पावसाचं पाणी घेतलं असतं तर शिंपले-प्रवाळांची पंचाईत झाली असती, कारण त्यांचं घरच चुन्याचं.

आज आपल्याला आकडे ठाऊक आहेत. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार, त्यात मॅग्नेशियम १२९० मिलिग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम ४१० च्या आसपास. मॅग्नेशियम असं तिप्पट का? ते कॅल्शियमला कार्बोनेटशी चटकन जोडी जमवू देत नाही. मॅग्नेशियम घटलं की टाकीत कितीही कॅल्शियम घाला, ते पांढरा थर होऊन काचेवर आणि पंपावर बसतं, प्रवाळ उपाशीच. शिवाय पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. म्हणून रोजची घट साध्या गोड्या पाण्याने भरायची, खाऱ्या नव्हे. आधी क्षारता तपासा, मग मॅग्नेशियम, मग कॅल्शियम. क्षारताच चुकली असेल तर बाकीचे आकडे आपोआप चुकतात. त्या पालकांना मी हेच सांगितलं.

त्याच वर्षी गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' पुस्तक आलं. हा शब्द आज जगभर रुळलाय तो त्यांच्यामुळे. पुस्तक तडाखेबंद खपलं आणि इंग्लंडमध्ये घरोघरी काचेच्या टाक्या आल्या. १८५६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पण १८५७ च्या फेब्रुवारीत एमिली कर्करोगाने गेल्या. त्याच वर्षी पृथ्वीचं वय आणि बायबल यांचा मेळ घालणारं त्यांचं पुस्तक आलं, ते कोणालाच पटलं नाही. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन ते डेव्हनला कायमचे राहायला गेले आणि समुद्रफुलांवरचा मोठा ग्रंथ पुरा केला. त्यातली चित्रं आजही बघत राहावी अशी आहेत.

मात्र त्यांची पुस्तकं हातात घेऊन लोक झुंडीने किनाऱ्यावर येऊ लागले. बरण्या भरभरून प्राणी नेले, खडक खरवडले. ज्या डबक्यांपाशी गॉस तासन् तास गुडघ्यावर बसत, ती ओस पडली. २३ ऑगस्ट १८८८ रोजी ते वारले. लहानपणी बापाबरोबर त्या डबक्यांत वाकून पाहणाऱ्या एडमंडने १९०७ मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिलं, त्यात हा उजाड किनारा आहे. वडिलांना याचं फार दुःख होतं, हेही त्याने लिहून ठेवलंय.