एकशे दहा मैल

माझा भाचा अमेरिकेत असतो. परवा रात्री त्याचा फोन आला. भाड्याने घेतलेल्या मोटारीत बिऱ्हाड थाटून तो बायकामुलांसह कोलोरॅडोचे डोंगर हिंडत होता. मोटारीतच स्वयंपाक, मोटारीतच झोप. सकाळी एक तळ सोडायचा, घाट ओलांडायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या तळावर मुक्काम करायचा. दिवसात शंभरच मैल झाले, तरी सगळे दमून गेले, असे तो सांगत होता.

फोन ठेवून मी गॅलरीत आलो. खाली कोपर स्टेशनातून दिव्याकडे लोकल चालली होती. कोकणात जायला आम्ही याच दिव्याला गाडी धरतो. मला आठवले ते कोकणातलेच एकशे दहा मैल, महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी पायी काढलेले.

कर्व्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. वाढले दापोलीजवळच्या मुरुडला. घरची गरिबी. शाळामास्तरची किंवा कारकुनाची नोकरी मिळायची तर सहावीची सरकारी परीक्षा द्यायला हवी. पावसाळ्यामुळे मुंबईची बोट मिळेना. उरले सातारा. सतरा वर्षांचा हा किरकोळ देहाचा मुलगा सोबत्यांसह पाठीवर बोचके घेऊन निघाला. ओढे-नाले भरलेले, वर कुंभार्लीचा घाट. दिवसभर चालायचे आणि रात्री मिळेल तिथे अंग टाकायचे. असे चार दिवस काढून ते साताऱ्याला पोहोचले.

परीक्षेला सतरा वर्षे पूर्ण हवी होती. दाखला जवळ होता, पण परीक्षामंडळाच्या प्रमुखांना समोरचा मुलगा पंधराच्या वर वाटेना. त्यांनी परीक्षेला बसू दिले नाही. एकशे दहा मैल पाण्यात गेले.

इथे मी अडखळतो. तीसेक वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका शाखेत मी अधिकारी होतो. ऐन पावसात एका वाडीवरचा मुलगा शिक्षणाच्या कर्जासाठी आला. कागदांवर वडिलांची एक सही राहिली होती. मी नियमावर बोट ठेवले आणि त्याला परत धाडले. तो किती चालून आला हे विचारलेसुद्धा नाही. पुढे तो कधी दिसला नाही.

कर्वे मात्र पुढच्या वर्षी पुन्हा निघाले. या वेळी कोल्हापूरला, म्हणजे आणखी लांब. पास झाले. मग मुंबईत शिकवण्या करीत १८८४ मध्ये गणित घेऊन पदवीधर झाले आणि १८९१ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. त्याच वर्षी पहिली पत्नी राधाबाई वारली. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केले. त्याच आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया. मुरुडकरांनी बहिष्कार टाकला. ज्या गावातून पोटापाण्यासाठी चालत निघाले, त्या गावची वाटच बंद झाली.

त्यांनी भांडण केले नाही, काम केले. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि तो पुढे पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. तिथे धड रस्ताही नव्हता. दिवसभर कॉलेजात गणित शिकवायचे आणि संध्याकाळी सामान घेऊन चिखल तुडवत आश्रम गाठायचा, असे कितीतरी पावसाळे गेले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली. सत्तरी ओलांडल्यावर युरोप, अमेरिका, जपान, आफ्रिका असा प्रवास करून अण्णांनी विद्यापीठासाठी पैसे जमवले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुन्हा खेड्यांकडे वळले, शाळा नसलेल्या गावांत शाळा काढायला. शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, भारतरत्न मिळाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ ला ही वाटचाल थांबली.

साताऱ्याच्या दारातून परतताना त्या मुलाला काय वाटले असेल, हे मला नेहमी छळते. कारण दाराच्या आतल्या खुर्चीत मीही बसलो आहे. पुढे आयुष्यभर त्यांनी अशांसाठी दारे उघडली, ज्यांच्या कागदावर कुणाची सही मिळण्याजोगी नव्हती.

भाच्याला उद्या फोन करीन. पुढच्या खेपेला आला की दोघे कुंभार्ली चढू म्हणतो. निदान थोडे तरी पायी. वाटेत ती वाडी लागते.