मुसा रेमंड : तोफांचा साचा आणि शब्दांचा साचा

जपानी चित्रमालिकांत आणि खेळांत शस्त्रांना जर्मन नावे दिलेली पाहून नव्या पिढीस नवल वाटते. परंतु परक्या भाषेतील शब्दाने शस्त्राचा दरारा वाढतो, हे आपल्याकडे फार जुने आहे. तोफ हा शब्द तुर्कीतून आला, बंदूक अरबीतून, तर पिस्तूल आणि काडतूस पोर्तुगीजांकडून. युरोपीय पात्याच्या तलवारीला आपण फिरंग म्हटले. त्यांतील कित्येक पाती जर्मनीत घडलेली होती. या देवघेवीचा एक साक्षीदार हैदराबादेत चिरनिद्रा घेत आहे.

मिशेल जोआकिम मारी रेमंड यांचा जन्म 1755 साली फ्रान्समधील गॅस्कनी प्रांतात झाला. 1775 मध्ये ते व्यापारासाठी पुदुच्चेरीस आले. पण तराजू सोडून त्यांनी तलवार धरली. म्हैसूरच्या बाजूने लढल्यानंतर ते सेनापती बुसी यांच्या हाताखाली आले. याच बुसींच्या तालमीत पूर्वी इब्राहिमखान तयार झाला होता. त्याची गार्दी ही उपाधी मूळ फ्रेंच शब्दावरून आली असे मानतात.

बुसींच्या निधनानंतर रेमंड निजाम अलीखानाच्या चाकरीत शिरले. आरंभी सुमारे 300 शिपाई आणि भाड्याने घेतलेल्या बंदुका, एवढेच त्यांचे बळ होते. पुढे ही फौज सुमारे 14,000 पर्यंत वाढली. हैदराबादेत त्यांनी तोफांचा कारखाना उभारला. लोक त्याला तोप का सांचा म्हणत. ती वस्ती आजही गनफाउंड्री या नावाने ओळखली जाते.

मार्च 1795 मध्ये खर्ड्याच्या रणांगणात रेमंड यांच्या पलटणी मराठ्यांसमोर उभ्या ठाकल्या. निजामाचा पराभव झाला, तरी रेमंड यांच्यावरील त्याचा विश्वास ढळला नाही. त्याच वर्षी निजामपुत्र अलीजाहचे बंड त्यांनीच मोडले. फ्रेंच राज्यक्रांतीचा तिरंगा त्यांच्या फौजेवर फडकू लागला, तेव्हा मात्र इंग्रजांना चिंता वाटू लागली.

25 मार्च 1798 रोजी रेमंड निवर्तले. त्यानंतर 1 सप्टेंबरला निजामाने इंग्रजांशी तह केला आणि ऑक्टोबरमध्ये त्या फ्रेंच फौजेची शस्त्रे काढून घेण्यात आली. बारा वर्षांत उभारलेले बळ रेमंड यांच्या मागे सात महिनेही टिकले नाही. त्याबरोबर दक्षिणेत फ्रेंचांना पुन्हा पाय रोवण्याची आशाही मावळली.

नाव मात्र टिकले. फ्रेंच मस्यूचा लोकांच्या जिभेवर मुसा झाला. हिंदूंनी त्यांना मुसाराम म्हटले, मुसलमानांनी मुसारहीम. मुसारामबाग हा भाग ती आठवण आजही वाहतो. मलकपेठेजवळच्या टेकडीवरील त्यांच्या समाधीपाशी लोक दीर्घकाळ पुण्यतिथीला धूप लावीत, नारळ ठेवीत. रेमंड यांनी परक्या विद्येने या मातीत तोफा ओतल्या. या मातीने त्यांचे नाव आपल्या साच्यात ओतून घेतले. तोफा थंडावल्या, शब्द मात्र अजून बोलतो आहे.