डाव्या हाताने लिहिलेले पुस्तक

जुलै १८८८ मध्ये जोतीराव फुले यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू निकामी झाली. वय एकसष्ट. दोनच महिन्यांपूर्वी, ११ मे रोजी, मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यातील सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली होती. फुल्यांच्या चरित्रात हा आजार एका वाक्यात येतो आणि जातो. त्याच्या मागे-पुढे काय होते, हे आरोग्याच्या अंगाने क्वचितच पाहिले जाते.

पालघर जिल्ह्यात तसे पाहायला एक कारण आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी परिसरात एका दिवसात अनेकदा जमीन हलायची. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का चार रिश्टरच्या थोडा वर होता. मोठ्या भूकंपांच्या मानाने हे आकडे लहान, पण ते थांबत नव्हते. लोक थंडीत घराबाहेर झोपले, शाळा तंबूत भरल्या. बोईसर-तारापूरकडे औद्योगिक वसाहत आहे, १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे. तिथे धक्क्यांच्या बातमीनेही धाकधूक वाढते. भिंतीला गेलेली भेग पंचनाम्यात येते. झोप गेलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्यांत काय होते, ते मोजायला वेगळे साधन लागते आणि बरीच वर्षे लागतात.

जोतीरावांनी पाहिलेली आपत्ती भूकंपाची नव्हती, दुष्काळाची होती. त्यांचा जन्म १८२७ चा. आई चिमणाबाई ते वर्षाचे असतानाच गेल्या, सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवले. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा, पुढच्याच वर्षी त्यापायी वडिलांचे घर सोडावे लागणे, १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ मध्ये घरचा हौद अस्पृश्यांना खुला करणे, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आणि सत्यशोधक समाज हा सगळा क्रम शाळेतल्या पुस्तकातही आहे. पोटापाण्यासाठी ते बांधकामाची कंत्राटे घेत. १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य होते.

त्याच वर्षी पाऊस फिरला. प्रशांत महासागरातील एल निनोशी या अवर्षणाचा संबंध होता, हे पुढच्या शतकात उलगडले. तेव्हा दिसले ते एवढेच, की पुणे, सोलापूर, नगर, सातारा या भागांत पिके जळाली, गुरे मेली, गावे रिकामी झाली. १८७८ पर्यंत दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाख्यात मिळून पन्नास लाखांहून अधिक माणसे मेल्याचा अंदाज आहे. सरकारी दुष्काळी कामावर पुरुष मजुराला दिवसाला सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर एक आणा एवढ्यावर मजुरी आणली गेली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला हे पुरणारे नव्हते, आणि त्यासाठी आजच्या आहारशास्त्राचीही गरज नव्हती. मजुरांनी कामे सोडून निषेध केला.

सावित्रीबाई जुन्नर भागात होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात ओसाड पडत चाललेल्या गावांचे आणि मरणाऱ्या जनावरांचे वर्णन आहे. जोतीरावांनी पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उभारला. मे १८७७ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाजाच्या वतीने त्यासाठी मदतीचे जाहीर आवाहन काढले. आईबापांपासून तुटलेली, हाडाडलेली मुले तिथे जेवत. त्या मुलांचे पुढे काय झाले, ती किती वर्षे जगली, कशाने गेली, याची नोंद कोणी ठेवली नाही. आज वैद्यकाला नेमकी तीच नोंद हवी असते.

कारण उपासमार शरीरात राहून जाते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी कोंडी केलेल्या हॉलंडमध्ये भुकेच्या काळात आईच्या पोटात असलेली मुले पन्नाशीला आली, तेव्हा त्यांच्यात साखर हाताळण्याची शक्ती कमी आणि काहींत हृदयविकार जास्त आढळला. चीनमधील १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात गर्भात असलेल्यांत प्रौढपणी उच्च रक्तदाबाचे प्रमाण अधिक असल्याचे अनेक अभ्यास सांगतात, जरी सगळे निष्कर्ष एका सुरात नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या सहा गावांतील गरोदर स्त्रिया व त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथेही गर्भातील कुपोषण आणि पुढचा मधुमेहाचा धोका यांचा धागा दिसतो. जव्हार-मोखाड्यात बाळ कमी वजनाचे जन्मते, तेव्हा आकडा त्या महिन्याच्या अहवालात जातो. त्याचे खरे मोल त्या बाळाच्या पन्नाशीत कळण्याची शक्यता असते.

जोतीराव स्वतः उपाशी राहिलेले नव्हते. ते दुष्काळात काम करणारे होते, आणि तीही आपत्तीतून जाण्याची एक रीत आहे. पुढच्या अकरा वर्षांत त्यांनी विसावा घेतला नाही. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, त्यात कर्जाने आणि करांनी पिचलेल्या शेतकऱ्याचे घर आतून दाखवले आहे. मित्र दुरावले, पैसा आटत गेला. दुष्काळानेच त्यांचा झटका ओढवला असे म्हणणे मात्र विज्ञानाला धरून होणार नाही. त्यांचा रक्तदाब किती होता हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण दंडाला पट्टा बांधून तो मोजण्याचे रिव्हा-रोच्ची यांचे साधन १८९६ मध्ये आले आणि नाडीचे आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा काढण्याची कोरोत्कोव्ह यांची पद्धत १९०५ मध्ये.

आपत्ती आणि पक्षाघात यांचा संबंध मोजता आला तो जपानमध्ये. १७ जानेवारी १९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर अवाजी बेटावरील डॉक्टरांकडे नेहमीच्या रुग्णांचे भूकंपाआधीचे आकडे होते. भूकंपानंतर ते चढले. बहुतेकांचे काही आठवड्यांत उतरले, पण ज्यांच्या मूत्रपिंडांना आधीच इजा होती त्यांचे चढेच राहिले. हादऱ्यानंतर शरीर सावधच राहते. अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात, रक्त लवकर गोठते. त्यात झोप नाही, छावणीतले खारट तयार अन्न, गोळ्यांची पाकिटे ढिगाऱ्याखाली. २०११ च्या त्सुनामीनंतर इवाते किनाऱ्यावर पहिल्या काही आठवड्यांत वयस्क पुरुषांत पक्षाघात वाढले. फुकुशिमा परिसरातून घरे सोडावी लागलेल्यांत तर पुढची अनेक वर्षे रक्तदाब, वजन आणि मधुमेह वाढत गेले. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला कतरीना वादळानंतर दहा वर्षांनीही एका विद्यापीठ रुग्णालयात हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांचे प्रमाण आधीच्या तिप्पट होते. जमीन शांत झाल्यावर किंवा पाणी ओसरल्यावर आजार संपत नाही. बेकारी, तुटलेली शेजारवस्ती, वाढलेली दारू-तंबाखू तो पुढे चालवतात.

झटक्यानंतरच्या जोतीरावांकडे पाहिले, तर मेंदूशास्त्राला थबकावे लागते. उजवी बाजू गेली म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या अर्धात होती. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बहुतेक माणसांची भाषा याच बाजूला असते, आणि अशा झटक्यात अनेकांची वाचा, वाचन, लेखन एकदमच जाते. जोतीरावांचे तसे झाले नाही. इजा भाषेच्या जागा सोडून, बहुधा खोलवर झाली असावी. रक्तदाबाने झिजलेल्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडल्या तर असे घडते, पण सव्वाशे वर्षांनी निदान करण्याचा आव आणू नये. भाषा वाचली याचा पुरावा मात्र कागदावर आहे. मित्र आणि सत्यशोधक सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. जोतीराव काहीसे सावरले आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ डाव्या हाताने लिहू लागले. १ एप्रिल १८८९ रोजी ते पुरे झाले, म्हणजे झटक्यानंतर नऊ महिन्यांच्या आत. मधल्या काळात, फेब्रुवारीत, दत्तक मुलगा यशवंत याचे लग्नही त्यांनी सत्यशोधक पद्धतीने लावून दिले.

न वापरलेला हात रोज वापरत राहणे हाच तेव्हा उपचार होता. आज त्याला फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार म्हणतात आणि पहिल्या काही दिवसांतच सुरू करतात. त्याही आधी वेळेची शर्यत असते. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसले की घड्याळ पाहावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, आणि सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहूनच देता येते. तलासरीच्या पाड्यावरून रुग्णाला वापी, वलसाड, सिल्वासा किंवा मुंबईकडे न्यायचे, तर त्यातले किती तास रस्त्यावर जातात, हे इथल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. म्हणूनच धक्के बसलेल्या गावांत चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजला जाणे, आणि बोईसरच्या खोल्यांत गावापासून लांब राहून पाळी-पाळीने काम करणाऱ्यांची गोळी सुटली का, हे विचारले जाणे स्वस्तात पडते. घराबाहेर पळताना उचलायच्या पिशवीत कागदपत्रांबरोबर पंधरा दिवसांच्या गोळ्या असाव्यात.

आजारपणात जोतीरावांच्या घरी पैशाची ओढ होती. मामा परमानंदांनी सयाजीराव गायकवाडांना लिहून मदत मागितली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. देह मिठात घालून पुरावा अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवली होती, पण वस्तीत दफनाला परवानगी मिळाली नाही आणि दहन करावे लागले. भाऊबंदांनी यशवंताच्या हक्काला हरकत घेतली, तेव्हा टिटवे धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. सात वर्षांनी, १८९७ मध्ये, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या. तोवर यशवंत डॉक्टर झाले होते. वडिलांनी डाव्या हाताने लिहिलेले पुस्तक त्यांनीच १८९१ मध्ये छापून आणले होते.