ग्विदिरचा सर जॉन विन : वंशावळीचा शोध व वारशाची गोष्ट

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स नांवाचा डोंगराळ देश आहे. तेथील लोकांची भाषा इंग्रजीहून अगदीं निराळी असून फार प्राचीन आहे. ह्या देशाच्या उत्तर भागांत कॉनवी नदी वाहते, आणि तिच्या कांठीं लान्रूस्त नांवाचा गांव आहे. गांवासमोर नदीच्या पलीकडे ग्विदिर नांवाचा जुना दगडी वाडा आजही उभा आहे. ह्या वाड्याचा धनी सर जॉन विन हा इ. स. १५५३ त जन्मला व १६२७ त मरण पावला. आपला वंश कोठून आला हें शोधण्यांत आणि आपली जमीन राखण्यांत व वाढविण्यांत त्याचें आयुष्य गेलें. त्याच जमिनीवरील एका कुळाच्या मुलानें त्याच काळांत दुसरेंच कांहीं कमाविलें. ह्या दोघांची गोष्ट एकत्र सांगितल्यावांचून सर जॉनचें चरित्र पुरें होत नाहीं.

वेल्समध्यें वंशावळीला एवढें महत्त्व कां होतें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. जुन्या वेल्श कायद्याप्रमाणें बापाची जमीन सर्व मुलांत सारखी वांटली जात असे. जमिनीवर हक्क सांगावयाचा तर आपण कोणाचे पुत्र, कोणाचे नातू, कोणाचे पणतू हें सिद्ध करावें लागे. म्हणून वंशावळ ही केवळ अभिमानाची गोष्ट नव्हती. तीच जमिनीची सनद होती. आडनांवें तेव्हां नव्हतीं. मनुष्य आपल्या नांवापुढें बापाचें, आजाचें व पणजाचें नांव लावी, आणि घराण्याचे भाट अशीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या पाठ ठेवीत. परंतु वांटणी होतां होतां शेतांचे तुकडे होत गेले, आणि त्या तुकड्यांवरून भाऊबंदांत वैर वाढत गेलें. पुढें १५३६ व १५४३ च्या कायद्यांनीं वेल्स देश इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेंत पूर्णपणें सामील झाला, आणि सारख्या वांटणीची जुनी रीत बंद होऊन थोरल्या मुलाकडे सर्व इस्टेट जाण्याची इंग्रजी रीत आली.

सर जॉनचा पणजा मेरेदिद ह्याचें मूळ घर समुद्राकडील एव्हियोनिद प्रांतांत होतें. तेथें त्याच्या भाऊबंदांत रक्तपात चालला होता. तेथेंच राहिलों तर एक तर आपल्याला आपल्या आप्तांस मारावें लागेल, किंवा त्यांच्या हातून मरावें लागेल, हें मेरेदिदानें ओळखलें. म्हणून वडिलार्जित ठिकाण सोडून तो डोंगर ओलांडून कॉनवीच्या खोऱ्यांत आला. तें खोरें त्या वेळीं लुटारूंनीं भरलेलें होतें. परंतु परक्या लुटारूंशीं झगडणें त्याला सख्ख्या रक्ताशीं झगडण्यापेक्षां बरें वाटलें. दोल्विदेलान येथील जुन्या किल्ल्याचा पट्टा त्यानें मिळविला, आपल्या जमिनींवर धिप्पाड तिरंदाज कुळें म्हणून वसविलीं, आणि सुमारें १५०० सालीं ग्विदिर विकत घेतलें. तो १५२५ सालीं वारला. ह्याप्रमाणें ज्या इस्टेटीचा पुढें एवढा अभिमान बाळगला गेला, ती फार पुरातन नव्हती. भाऊबंदकीला कंटाळून घर सोडलेल्या एका मनुष्यानें पैसा व मनगट ह्यांच्या बळावर ती उभी केली होती.

मेरेदिदाचा मुलगा जॉन ह्यानें ग्विदिरचा वाडा नव्यानें बांधला. नातू मॉरिस ह्यानें विन हें आडनांव कायमचें केलें. ह्या शब्दाचा मूळ अर्थ गोरा असा आहे. मॉरिस १५८० सालीं मरण पावला, आणि त्याचा थोरला मुलगा जॉन वाड्याचा धनी झाला. त्यानें ऑक्सफर्ड येथें शिक्षण घेतलें होतें व लंडनमध्यें कायद्याचा अभ्यास केला होता. १५८६ सालीं तो पार्लमेंटचा सभासद झाला. पुढें दोन परगण्यांत त्यानें शेरीफचा हुद्दा भोगला, १६०६ सालीं त्याला सर ही पदवी मिळाली, आणि १६११ सालीं बॅरोनेट ही वंशपरंपरेची पदवी मिळाली. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या ह्या पदवीचें त्याला किती समाधान वाटलें असेल हें सांगावयास नको.

एवढ्यावर त्याचें मन तृप्त झालें नाहीं. त्यानें आपल्या घराण्याचा इतिहास लिहावयास घेतला. जुने राजलेख, सनदा व न्यायालयांचे कागद त्यानें धुंडाळले. भाटांच्या वंशावळी व वृद्धांच्या आठवणी जमविल्या. बाराव्या शतकांतील उत्तर वेल्सचा पराक्रमी राजा ओवेन ग्विनेद, जो ११७० सालीं मरण पावला, त्याचा मुलगा रोद्री ह्याच्यापासून आपला वंश आला आहे असें त्यानें पिढीमागून पिढी मांडून दाखविलें. वेल्सचें राज्य इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजानें १२८२ ते १२८३ ह्या काळांत जिंकलें होतें, व तेथील राजकुळाचा नाश झाला होता. त्या कुळाचें रक्त आपल्या घराण्यांत उरलें आहे, असें सर जॉनला जगाला सांगावयाचें होतें. लंडनच्या दरबारांत नव्या श्रीमंतांची गर्दी झाली असतां राजवंशाची ही खूण फार उपयोगी पडणारी होती.

त्याच्या ह्या ग्रंथाची योग्यता मोठी आहे. त्यांत त्यानें आपल्या पूर्वजांच्या मारामाऱ्या, जाळपोळ व खून झांकून ठेविले नाहींत, म्हणून त्या काळचें जीवन कसें होतें हें आपल्याला कळतें. तथापि त्यांतील सर्वच गोष्टी खऱ्या धरतां येत नाहींत. एडवर्ड राजानें वेल्सचे भाट फांसावर चढविले असें त्यानें लिहिलें आहे. ती कथा पुढें फार पसरली, आणि तिच्यावर इंग्रजीत प्रसिद्ध काव्यही झालें. परंतु एडवर्डाच्या काळचा कोणताही पुरावा तिला मिळत नाहीं. हा ग्रंथ सर जॉनच्या हयातींत छापला गेला नाहीं. हस्तलिखितांच्या रूपानें तो वाड्यावाड्यांतून फिरत राहिला, आणि १७७० सालीं प्रथम छापला गेला.

आपला वंश एवढा थोर मानणारा मनुष्य कुळांशीं व शेजाऱ्यांशीं कसा वागला? कागदांवरून असें दिसतें कीं, तो चतुर, उद्योगी व हिशेबी होता, परंतु जमिनीच्या बाबतींत त्याचा हात कठोर होता. फिर्यादी करणें व फिर्यादींना तोंड देणें हा त्याचा नित्याचा व्यवसाय झाला होता. वेल्सच्या कारभारासाठीं नेमलेल्या ज्या राजमंडळाचा तो स्वतः सभासद होता, त्याच मंडळानें १६१५ सालीं त्याला अरेरावीबद्दल दोषी ठरवून दंड केला.

आतां त्या कुळाच्या मुलाकडे वळूं. ग्विदिरच्या इस्टेटींत विब्रनांत नांवाचें एक अरुंद खोरें आहे. तेथील एका शेतघरांत १५४५ सालीं विल्यम मॉर्गन जन्मले. त्यांचा बाप विन घराण्याचें कूळ होता. मुलगा हुशार म्हणून त्याला ग्विदिरच्या वाड्यांत घरच्या पाळकाजवळ शिकावयास ठेविलें, असें परंपरा सांगते. पुढें मॉर्गन केंब्रिजला गेले, तेथें त्यांनीं हिब्रू व ग्रीक ह्या भाषा संपादन केल्या, आणि १५७८ सालीं एका दूरच्या डोंगरी मंडळीचे पाळक झाले. लोकांना उपासनेची भाषा समजत नाहीं, हें दुःख त्यांना जाळीत होतें. नवा करार १५६७ सालीं वेल्श भाषेंत निघाला होता. मॉर्गन ह्यांनीं तो सुधारून घेतला, जुन्या कराराच्या भाषांतराचें प्रचंड काम पार पाडलें, आणि १५८८ सालीं संपूर्ण पवित्र शास्त्र वेल्श भाषेंत छापून काढलें. पुढें १५९५ सालीं ते बिशप झाले, आणि १६०१ सालीं सेंट असाफ येथें त्यांची बदली झाली. लान्रूस्त गांव त्यांच्याच अधिकाराखालीं होता.

येथें दोघांची गांठ पडली. लान्रूस्तच्या मंडळीला जमिनीच्या उत्पन्नाचा दशांश मिळत असे. तो वसूल करण्याचा दीर्घ मुदतीचा पट्टा आपल्या हातीं यावा अशी सर जॉनची इच्छा होती, आणि त्यासाठीं बिशपांची संमति लागत होती. असे पट्टे त्या काळीं पुष्कळ जमीनदार घेत असत. मक्त्याची ठरीव रक्कम मंडळीला मिळे, आणि पिकाचा खरा लाभ धन्याच्या कोठारांत जाई. १६०३ व १६०४ ह्या सालीं ह्याविषयीं दोघांत पत्रव्यवहार झाला. आपल्या घराण्यानें मॉर्गन ह्यांच्यावर केलेल्या उपकारांची सर जॉननें त्यांना आठवण दिली, आणि हा मनुष्य कृतघ्न आहे असें म्हटलें. मॉर्गन ह्यांनीं उपकार नाकारले नाहींत. परंतु जें मंडळीचें आहे व ज्यावर उपदेशकांचें पोट चालावयाचें आहे, तें देण्यास आपली सदसद्विवेकबुद्धि आपल्याला मोकळीक देत नाहीं, असें त्यांनीं कळविलें. नाबोथानें आपला द्राक्षमळा राजाला दिला नाहीं, कारण तो त्याच्या पूर्वजांचा होता; मॉर्गन ह्यांनीं जें राखलें तें त्यांच्या स्वतःच्या पूर्वजांचें नव्हतें, पुढें येणाऱ्या मंडळीचें होतें.

ज्याच्या बापाच्या जमिनीवर आपण वाढलों, ज्याच्या घरीं आपण पहिले धडे घेतले, त्याला नकार देणें सोपें नसतें. मॉर्गन ह्यांना तो नकार महाग पडला, कारण त्या भागांत विन घराण्याचा स्नेह गमावणें म्हणजे अर्धें बळ गमावणें होतें. हा वाद मनांत असतांच १६०४ च्या सप्टेंबर महिन्यांत ते मरण पावले. त्यांच्या मागें फारशी संपत्ति नव्हती. पुढें सर जॉननें आपल्या भागांतील नामांकित पुरुषांची आठवण लिहून ठेविली, तींत मॉर्गन ह्यांच्या विद्वत्तेची नोंद त्यानें केली. परंतु पूर्वीच्या भाषांतरकारांच्या श्रमांचा त्यांना उपयोग झाला व नांव मात्र त्यांचें एकट्याचें झालें, हेंही लिहावयास तो विसरला नाहीं. त्या म्हणण्यांत कांहीं सत्य आहे, कारण आधींच्या लोकांनीं खरोखरच पाया घातला होता. तरी दुखावलेलें मन त्या ओळींत लपत नाहीं.

सर जॉनच्या हातून चांगलीं कामेंही झालीं, तीं न सांगणें अन्याय होईल. लान्रूस्त येथें त्यानें गरीब वृद्धांसाठीं धर्मशाळा स्थापिली व मुलांसाठीं शाळा काढिली. समुद्राची खाडी बांध घालून शेतीखालीं आणावी अशी मोठी योजना त्यानें १६२५ सालीं एका प्रसिद्ध स्थापत्यकाराला लिहून कळविली होती. आपल्या घरीं आलेलीं पत्रें त्यानें जपून ठेविलीं, व त्याच्या वंशजांनींही ती संवय पाळली. विन घराण्याचे ते हजारों कागद आज वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहेत, आणि अभ्यासकांना त्यांचा फार उपयोग होतो.

परंतु ज्यासाठीं त्यानें एवढी धडपड केली, त्या वंशाचें काय झालें? त्याला पुष्कळ मुलें होतीं. थोरला मुलगा जॉन हा प्रवासांत असतां १६१४ सालीं इटलींतील लुका शहरीं बापाच्या आधींच वारला. दुसरा मुलगा रिचर्ड गादीवर आला. तो १६४९ सालीं निपुत्रिक मेला. मग त्याचा भाऊ ओवेन, व नंतर ओवेनचा मुलगा रिचर्ड धनी झाला. ह्या रिचर्डाला एकच मुलगी होती. १६७८ सालीं तिचें लग्न एका इंग्रज उमरावाशीं झालें, आणि ग्विदिरची इस्टेट त्या परक्या घराण्याकडे गेली. बॅरोनेटची पदवी एका चुलतभावाकडे गेली. तोही १७१९ सालीं निपुत्रिक वारला, आणि ती पदवी नष्ट झाली. सर जॉनच्या मृत्यूला तेव्हां पुरीं शंभर वर्षेंही झालीं नव्हतीं.

लान्रूस्तच्या देवळाला लागून विन घराण्याचें प्रार्थनागृह आहे; तें सर रिचर्डानें १६३० नंतर लवकरच बांधविलें. तेथें एका पाटीवर ओवेन ग्विनेदापासूनची वंशावळ कोरलेली आहे. पाटी आहे, परंतु तिच्यावरील नांवांपुढें जोडावयास त्या गादीचा पुत्र उरला नाहीं. त्या भागांतील खेडुतांनीं सर जॉनची आठवण निराळ्याच तऱ्हेनें ठेविली. जवळच्या मोठ्या धबधब्याखालीं त्याचा आत्मा कोंडलेला आहे व कुळांवर केलेल्या जुलमाचें क्षालन तो तेथें करीत आहे, अशी दंतकथा ते सांगत आले. ही कथा आपण खरी मानीत नाहीं. परंतु दुर्बळांच्या मनांत धन्याची कोणती मूर्ति उरते, हें तीवरून कळतें.

विब्रनांतचें तें शेतघरही आज जतन केलेलें आहे. तेथें पुष्कळ भाषांतील पवित्र शास्त्राचे ग्रंथ ठेविले आहेत. मॉर्गन ह्यांच्या भाषांतराची १६२० सालीं सुधारून निघालेली आवृत्ति पुढें तीन शतकांहून अधिक काळ वेल्सच्या घरोघरीं वाचली गेली. तिच्यामुळें लोकांना वाचतां आलें, आणि त्यांची भाषा जिवंत राहिली. तो ग्रंथ वाचण्यासाठीं कोणालाही आपली वंशावळ दाखवावी लागली नाहीं.

वडिलांची आठवण ठेवणें व त्यांनीं दिलेली जमीन सांभाळणें ह्यांत दोष नाहीं. सर जॉनचे कागद नसते तर मेरेदिदाचें धैर्यही आपल्याला कळलें नसतें. परंतु शेताच्या बांधावरून किंवा वांटणीच्या कागदावरून ज्यांच्या घरीं तंटा चालू आहे, त्यांनीं ह्या दोन घरांचा विचार करावा. आणि ज्या उपदेशकावर गांवच्या धन्याचे उपकार आहेत, व त्याच धन्याला न्यायासाठीं नाहीं म्हणण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, त्यानें विब्रनांतच्या कुळाचा तो मुलगा आठवावा.