हृदयाच्या विद्युतवाटेचा नकाशा रेखाटणारे सुनाओ तावारा

नवी दिल्ली : महाधमनीची झडप अरुंद झालेल्या वृद्ध रुग्णाला आता छाती न उघडता नवी झडप बसविता येते. सहसा मांडीतील रक्तवाहिनीतून कॅथेटर वर नेऊन केली जाणारी ही ‘टावी’ प्रक्रिया दिल्ली, मुंबई, पुण्यातील मोठ्या रुग्णालयांत होऊ लागली आहे. मात्र झडप उत्तम बसूनही काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. असे का घडते, हे समजून घेण्याचा पाया एका जपानी विकृतिशास्त्रज्ञाने १९०६ मध्येच घातला होता. त्यांचे नाव सुनाओ तावारा.

तावारा यांचा जन्म ५ जुलै १८७३ रोजी जपानच्या ओइता प्रांतात झाला. नाकात्सू येथील डॉक्टर असलेल्या तावारा यांच्या घरी ते दत्तक गेले आणि वैद्यकाचा वारसा त्यांच्याकडे आला. टोकियोच्या विद्यापीठातून १९०१ मध्ये पदवी घेतल्यानंतर १९०३ मध्ये ते जर्मनीतील मारबुर्ग येथे लुडविग आशॉफ यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

हृदयाचे स्पंदन मज्जातंतूंमुळे होते की स्नायूंमुळे, हा त्या काळचा मोठा वाद होता. पुर्किन्ये यांनी हृदयाच्या आतील बाजूस वेगळे तंतू पाहिले होते. विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये वरच्या व खालच्या कप्प्यांना जोडणारा स्नायुतंतूंचा जुडगा दाखविला होता. परंतु या दोन शोधांचा परस्परसंबंध उलगडलेला नव्हता. तावारा यांनी माणसांच्या व प्राण्यांच्या हृदयांचे अतिशय पातळ काप एकामागून एक सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. हिस यांचा जुडगा वरच्या बाजूस एका पेशीगाठीतून निघतो, खाली त्याच्या डाव्या-उजव्या शाखा होतात आणि त्यांची टोके पुर्किन्ये तंतूंत पसरतात, हे त्यांनी सिद्ध केले. एखाद्या वृक्षासारखी ही सलग वाट हृदयाचे संदेश वाहून नेते, असे प्रतिपादन करणारा त्यांचा जर्मन ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या कार्याने पुढच्या संशोधनाला दिशा मिळाली. ब्रिटनमध्ये आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये ठोक्याच्या उगमाची गाठ शोधली. आइंटहोव्हेन यांच्या ईसीजीवरील रेषांचा अर्थ लावण्यासही शरीररचनेचा आधार लाभला. मायदेशी परतलेले तावारा १९०८ मध्ये फुकुओका येथे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१४ मध्ये जपान अकादमीच्या शाही पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. १९ जानेवारी १९५२ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर अर्ध्या शतकाने, १६ एप्रिल २००२ रोजी, फ्रान्समधील रूआँ येथे आलँ क्रिबिए यांनी कॅथेटरद्वारे मानवी हृदयात पहिली महाधमनी झडप बसविली आणि तावारांच्या नकाशाला नवे महत्त्व आले. हिसचा जुडगा महाधमनीच्या झडपेच्या अगदी लगत, पातळ पडद्याजवळून जातो. डावी शाखाही तिथेच फुटते. नव्या झडपेची जाळीदार चौकट फुलताना या ऊतींवर दाब येतो, सूज येते किंवा इजा होते. मग डाव्या शाखेत अडथळा निर्माण होतो, क्वचित संदेश पूर्णपणे थांबतो. झडप जितकी खोल बसते, तितका हा धोका वाढतो. उजवी शाखा आधीच निकामी असलेल्या रुग्णाला तर डाव्या शाखेवरच विसंबावे लागते. म्हणूनच प्रक्रियेपूर्वीचा ईसीजी बारकाईने पाहिला जातो आणि नंतरही रुग्णाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवले जाते. काही अडथळे सूज ओसरल्यावर दूर होतात, तर काही दिवसांनी उशिरा उद्भवतात.

आशॉफ-तावारा गाठ हे नाव आज फारसे वापरात नाही; डॉक्टर तिला ‘एव्ही नोड’ म्हणतात. झडप किती खोलीवर बसवावी, हे ठरविताना मात्र मारबुर्गच्या प्रयोगशाळेत तावारांनी शोधलेलीच वाट त्यांना जपावी लागते.